वर्गातील मुलांना स्वमग्न सोबत्याविषयी कसे सांगावे?

प्रश्न : शिक्षिका, राळेगाव तालुका
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. माझ्या वर्गात स्वमग्नता (ऑटिझम) असलेला एक मुलगा आहे. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की हा मुलगा दोन्ही कान दाबून बाकाखाली जातो, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेवरून डफडी गेली तेव्हा त्याला शांत व्हायला पाऊण तास लागला. मुले त्याला ‘बह्याड’, म्हणजे वेडा, म्हणतात. दटावले की गप्प बसतात, पाठ वळली की पुन्हा तेच. सहामाही परीक्षेत त्याला जादा वेळ दिला, तेव्हा “मॅडम, त्याले जास्त टाइम काहून?” असे एकाने विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. दयेचे भाषण न देता मुलांना हे कसे समजवावे?

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, वणी
ताई, जादा वेळेचा प्रश्न आधी घ्यावा, कारण तो मुलांनी स्वतः विचारला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) या दोन्हींचा समावेश झाला. मॅडमच्या लाडापायी हा वेळ मिळत नाही, एवढे मुलांना कळू द्यावे. पण कायद्यापेक्षा कापूस वेचणीचे उदाहरण त्यांना लवकर पटेल. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; कोणी तासभर आधी शेतात उतरले म्हणून बाकीचे भांडत नाहीत, कारण काट्यावर चढतो तो कापूस. परीक्षेतही काय येते तेच जोखायचे असते. याशिवाय मुलांना डाव्या हाताने नाव लिहायला लावून शेजारी ताट वाजवावे, म्हणजे गोंगाटात काम करणे किती अवघड असते हे त्यांना अनुभवता येईल.

उत्तर २ : एका मुलीची आई, आर्वी तालुका
सर, कापसाचे उदाहरण मी उचलणार आहे. ताटाचा प्रयोग मात्र मला पटत नाही. पाच मिनिटांच्या त्रासातून मुलांना कीव येते, आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला कीव लगेच ओळखू येते. तिच्या वर्गात ‘सांभाळणारी’ मैत्रीण पाळीपाळीने नेमत, तेव्हा तिच्याशी बोलणे म्हणजे वर्ग झाडण्यासारखे पाळीचे काम होऊन बसले होते. त्यापेक्षा मुलांना नेमके सांगावे : मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये, एका वेळी एकच गोष्ट विचारून उत्तरासाठी थांबावे, आणि तो डोळ्यांत पाहत नाही म्हणजे ऐकत नाही असे समजू नये. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडले की स्वमग्न आणि इतर माणसे यांच्या संवादात न समजणे दोन्ही बाजूंनी असते. म्हणजे शिकायचे ते केवळ आपल्या लेकरांनी नाही. आणखी एक विनंती : त्याला व त्याच्या पालकांना विचारल्याखेरीज वर्गात ‘स्वमग्नता’ हा शब्द काढू नये.

उत्तर ३ : आयटीआयचा विद्यार्थी, चिमूर
मला वाचनाची अडचण आहे, स्वमग्नता नाही, त्यामुळे एवढेच लिहितो. आठवीत एक सर मला उद्या कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी हळूच सांगत. वर्गाला कधी पत्ता लागला नाही. हसणे त्यानेच बंद झाले.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, तीन आठवड्यांनंतर
सर्वांचे आभार. मुलाच्या आईने होकार दिला, पण त्याने स्वतः ‘नाव नको, घंटेचं सांगा’ असे म्हटले, म्हणून वर्गात केवळ घंटेविषयीच बोलले. उपाय एका मुलीने काढला : घंटा वाजवणाऱ्याने आधी आमच्या दारात येऊन हात वर करायचा. आता हात दिसला की तो कान झाकून घेतो आणि जागेवरच बसून राहतो. ‘बह्याड’ अजून दोघांच्या तोंडून येते. सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीत ढोल असतो; त्या वेळी त्याला कुठे चालायचे आहे, की यायचेच नाही, हे येत्या सोमवारी त्यालाच विचारणार आहे.