शून्य लेयर कशासाठी असतो?

ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रेखाटन लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांवर, करतात; शून्य लेयर हा त्यातला आधीपासूनच असलेला थर. सगळे रेखाटन या शून्य लेयरवर करून वस्तूंना नंतर हाताने रंग द्यावेत, असे काही जण सुचवतात. त्याला माझी हरकत आहे. शून्य लेयरचा खरा उपयोग ब्लॉक, म्हणजे अनेक वस्तू एकत्र करून पुन्हा पुन्हा वापरायचे तयार चित्र, बनवताना होतो. दरवाजाची चौकट, फळी आणि उघडझापीची कमान शून्य लेयरवर, रंग व रेषेची जाडी 'बायलेयर' (लेयरप्रमाणे) ठेवून काढली, तर त्यांचा ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्या लेयरचे रूप घेतो. त्यामुळे तोच दरवाजा जुन्या बांधकामाच्या लेयरवर फिकट आणि नव्या कामाच्या लेयरवर ठळक दाखवता येतो. हाताने रंगवलेली वस्तू मात्र लेयरचा रंग बदलला तरी बदलत नाही.

लेयर 'ऑफ' (बंद) आणि 'फ्रीझ' (गोठवणे) करण्यातही महत्त्वाचा फरक आहे. ऑफ केलेल्या लेयरवरील वस्तू डोळ्यांना दिसत नाहीत, पण 'इरेज' कमांड देऊन 'ऑल' टाइप केले की त्याही पुसल्या जातात. फ्रीझ केलेल्या लेयरवरील वस्तूही दिसत नाहीत, पण त्या पुसल्या जात नाहीत. एका बंगल्याच्या नकाशातील प्लंबिंगच्या सगळ्या रेषा मी अशाच गमावल्या आणि फाइल सेव्ह करून बंद केल्यावर ते लक्षात आले, म्हणून नको असलेला लेयर फ्रीझच करावा, असे आग्रहाने सांगतो.