गॅजेट बंद पडलं की लगेच रीफ्लॅश, म्हणजे सगळं पुसून सॉफ्टवेअर परत टाकायचं? मला तर अजिबात पटत नाही

सातपूरचा_तारवाला
गेल्या महिन्यात अंबड एमआयडीसीत एका कंपनीचं नेटवर्क टेस्टिंग होतं, म्हणजे बाहेरचा कुणी आत घुसू शकतो का ते बघायचं, लेखी परवानगी वगैरे सगळं रीतसर. आमचा डबा म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्याला बाहेरून लावलेलं यूएसबी वायफाय कार्ड. स्कॅन सुरू केलं की चार-पाच मिनिटात कार्ड गायब, मग आपोआप परत यायचं, परत गायब. सोबतच्या पोराने काही न बघता एसडी कार्ड काढलं आणि त्यावर काली लिनक्स (असल्या टेस्टिंगसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) परत टाकलं, एकदा नाही तीनदा, अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी वैतागून मी चार्जरची ती दोन मीटरची बारीक केबल काढली, जाड बुटकी केबल लावली आणि मग संध्याकाळपर्यंत डबा हूं की चूं नाही.

हिशोब करून बघा ना. चार्जर देतो ५.१ व्होल्ट, केबलचा रेझिस्टन्स समजा ०.३ ओहम, लोड २ अँपिअर, म्हणजे ०.६ व्होल्ट वाटेत केबलनेच खाल्ले, पायच्या तोंडात पडले ४.५. साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची बोंब मारतो. स्क्रीन लावलेली असती तर कोपऱ्यात वीज चमकल्याचं चिन्ह दिसलं असतं, पण असल्या डब्याला स्क्रीन कोण लावतंय. आधी वीज बघा, मग केबल, मग कार्डातली चिप, फर्मवेअर म्हणजे आतलं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. ताप आला की पेशंटच बदलायचा ही कुठली डॉक्टरकी?

गंगापूररोड_रूट
नाही पटलं भो. क्लायंटचा आयटीवाला डोक्यावर उभा असतो, सारखा घड्याळ बघत असतो, तिथे मी काय मल्टिमीटर काढून बसू? माझ्या पाकिटात तयार इमेज (अख्ख्या सिस्टिमची कॉपी) टाकलेली दोन एसडी कार्डं कायम असतात, डबा रुसला की कार्ड बदललं, दोन मिनिटात काम चालू. आणि मागच्या क्लायंटचा डेटा घेऊन पुढच्याकडे जायचंच नसतं, म्हणजे पुसणं तसंही आलंच. मग बिघडल्यावर पुसलं तर एवढं आभाळ कुठे कोसळतं?

सातपूरचा_तारवाला
काम झाल्यावर पुसा की, कोण नको म्हणतंय. पण काम चालू असताना त्याच कार्डावर परत इमेज टाकली तर सकाळपासूनचे लॉग गेले, मग रिपोर्टमधे काय लिहिणार, आईशप्पथ पासवर्ड सापडला होता? आणि व्हीसीजेनकमांड गेट-थ्रॉटल्ड ही कमांड चालवली की पाय स्वतःच सांगतो बूट झाल्यापासून व्होल्टेज पडलं होतं का, शून्य आलं तर वीज ठीक. पण रीबूट झाला की तो इतिहास पुसला जातो. म्हणजे तुम्ही कार्ड बदलायला डबा बंद करता तेव्हाच चोर मागच्या दाराने पळालेला असतो.

इंदिरानगर_बॉय
दादा मी शिकतोय अजून, ईएसपी८२६६ या छोट्या वायफाय बोर्डावर डीऑथर (खोटा निरोप पाठवून वायफाय तोडणारा प्रोग्रॅम) टाकलाय, घरच्या जुन्या राउटरवर मस्त चालायचा, पप्पांनी नवीन राउटर आणला तर आता माझाच मोबाइल डिस्कनेक्ट होत नाहीये, दोनदा फ्लॅश केला, बोर्ड गेला का?

पंचवटी_टर्मिनल
बाळा बोर्ड ठणठणीत आहे. ती चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते, तुझा मोबाइल बहुतेक ५ वर गेलाय. आणि राउटरला डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा लावली असेल तर त्यात मॅनेजमेंट फ्रेमचं, म्हणजे जोडण्या-तोडण्याच्या निरोपांचं संरक्षण सक्तीचं असतं, तुझा खोटा निरोप मोबाइल ऐकणारच नाही. दहा वेळा फ्लॅश केलास तरी नाही. आणि हे घरापुरतंच हां, शेजाऱ्यांच्या वायफायवर हात शिवशिवले तर आयटी ॲक्ट २००० मधलं कलम ६६ आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, दोन्हीही होऊ शकतं.

बाकी वर भांडणाऱ्या दोघांना, केबल काय आणि कार्ड काय, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींची निम्मी "बिघडलेली" गॅजेट बिघडलेलीच नसतात. एअरमॉन चेक किल ही कमांड मारतात, त्याने नेट जोडणारा नेटवर्क मॅनेजर बंद होतो, मग मॅडम नेट गेलं, कार्ड जळलं! अगं तूच बंद केलंस ना. किंवा पाय झीरो पॉवर बँकेवर लावतात आणि तो थोड्या वेळाने गपगार, कारण तो एवढा कमी करंट ओढतो की काही पॉवर बँकांना वाटतं फोन फुल झाला, त्या आपल्या बंद होतात. यात जाड केबलही उपयोगाची नाही.
टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन हे वायफाय कार्ड तर सगळ्यांना माहितीय, व्हर्जन १ मधे अथेरॉसची एआर९२७१ चिप, व्हर्जन २ पासून रियलटेकची, नाव तेच. कुणाच्या तरी जुन्या लेखावर विसंबून दुकानात जायचं आणि मॉनिटर मोड (आसपासचं सगळं वायफाय ऐकायची सोय) चालेना म्हणून इमेजला शिव्या घालायच्या. आधी एलएसयूएसबी कमांड मारून चिप तरी बघा!

गंगापूररोड_रूट
मॅडम ते सगळं मान्य, पण हे घरी टेबलावर बसून करायचं काम आहे. साइटवर नाही.

सातपूरचा_तारवाला
मग घरी करता का? खरं सांगा. त्या बॅगेतल्या डब्यावर आत्ता ती कमांड मारा, स्कॅन लावून, तीच नेहमीची केबल ठेवून.

गंगापूररोड_रूट
मारली. शून्य नाही आलं.
हसू नका. केबल उद्या एमजी रोडवरून नवीन घेतो, पण साइटवर डबा अडला तर मी कार्डच बदलणार, सांगून ठेवतो.