फ्रिडमन हे पोलिश आडनाव : उगम कोणता आणि पोलंडमध्ये आज ते इतके विरळ का?

प्रश्न : औंधचे_टिपण

सर्वांना नमस्कार.

माझे पणजोबा औंध संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या टिपणवहीची कसर लागलेली पाने मी गेले काही महिने नीट उतरवून काढतो आहे. 1939 मध्ये औंधात कारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना आली. त्या कामात राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींना साहाय्य करणारे, मूळचे वॉर्साचे अभियंते मॉरिस फ्रिडमन अनेकांना ठाऊक असतील. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेली तीही त्यांनीच. वहीत त्यांचा उल्लेख चार ठिकाणी आहे आणि आडनाव तीन तऱ्हांनी लिहिले आहे : एकदा 'फ्रिडमन', दोनदा 'फ्रीडमन' आणि एकदा चक्क 'फ्रायडमन'. या शेवटच्या रूपावर पणजोबांनी मागाहून काट मारलेली दिसते, पण तिच्या जागी दुसरे काही लिहिलेले नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. पहिला, हे आडनाव जर्मन वळणाचे वाटत असताना रोमन लिपीत त्यात 'वाय' कसा आला, आणि त्यामुळे ते पोलिश ठरते का? दुसरा, पूर्वी माझ्याबरोबर काम करणारे एक पोलिश गृहस्थ म्हणाले होते की हे आडनाव त्यांनी पुस्तकांत वाचले आहे, पण त्या नावाचा माणूस त्यांना कधी भेटलेला नाही; असे का असावे? तिसरा, दक्षिण पोलंडमध्ये फ्रिडमन नावाचे एक गाव नकाशावर दिसते, तेव्हा आपल्याकडच्या औंधकर, वाईकरांसारखे हे गावावरून पडलेले आडनाव आहे का? एका संकेतस्थळाने तर या घराण्याचे कुलचिन्ह म्हणून ढाल आणि सिंह विकायला ठेवले आहेत. त्यावर माझा विश्वास नाही, पण नाही म्हणायला आधारही हाताशी नाही.

प्रतिसाद 1 : सामान्यरूप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखनपद्धतीत आहे. मध्ययुगीन जर्मन आणि यिद्दिश भाषांत 'फ्रीड' म्हणजे शांतता आणि 'मान' म्हणजे माणूस. हे पुरुषाचे व्यक्तिनाव म्हणूनही पूर्वी प्रचारात होते, त्यामुळे काही घराण्यांत ते एखाद्या पूर्वजाच्या नावावरून आले असेल, तर काहींत केवळ अर्थ चांगला म्हणून घेतले गेले असेल. मूळ शब्द जर्मन असला तरी 'वाय' मात्र अस्सल पोलिश आहे. पोलिश लिपीत 'आय' आणि 'वाय' ही दोन निरनिराळ्या स्वरांची चिन्हे आहेत, आणि मूळच्या पोलिश शब्दांत 'र'नंतर 'आय' येत नाही, 'वाय'च येतो. म्हणून जर्मन 'फ्रीड्रिख' पोलंडमध्ये 'फ्रिदेरिक' होतो; संगीतकार शोपँचे पहिले नाव पोलिश पद्धतीने लिहिलेले पाहा, त्यात एक नव्हे तर दोन 'वाय' सापडतील. याच रीतीने जर्मन 'श्वार्त्स' हे 'श्फार्त्स' होऊन वेगळ्याच अक्षरांनी लिहिले जाते, आणि वॉर्सा घेट्टोतील उठावाचे एक पुढारी यित्झाक त्सुकिएर्मान यांच्या आडनावात साखरेचा जर्मन शब्द जाऊन पोलिश शब्द बसलेला दिसतो. जर्मनच्या शेवटी असलेले दोन 'एन' गळून एक उरणे हाही त्यातलाच भाग.

म्हणजे हेच आडनाव अमेरिकेत 'आय-ई'ने, रशियात 'आय'ने आणि पोलंडमध्ये 'वाय'ने लिहिले जाते. नावाचा उगम आणि नावाची वर्तणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा घोळ मिटतो : उगम यिद्दिश-जर्मन, वर्तणी पोलिश, आणि धारक बहुतांशी पोलंडमधील यहुदी.

उच्चाराविषयीही थोडे लिहितो. पोलिश भाषेतील 'ड' हा आपल्या 'द'सारखा दातांच्या मागून निघतो आणि 'अ' हा स्वच्छ 'आ' असतो, त्यामुळे वॉर्सातला मनुष्य 'फ्रिद्मान' म्हणेल. तो 'इ'सुद्धा आपला 'इ' नव्हे. जीभ किंचित मागे ओढून तो काढावा लागतो. तुमच्या पणजोबांनी इंग्रजी कागदावरचा 'वाय' वाचून 'फ्राय' लिहिले असणार आणि प्रत्यक्ष उच्चार कानावर पडल्यावर ते खोडले असणार, असा माझा तर्क आहे.

जुने कागद शोधताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. मराठीत नामाला विभक्ती लागताना सामान्यरूप होते, तसेच काहीसे पोलिशमध्ये आडनावांचे होते. 'फ्रिद्मानचा मुलगा' म्हणताना पुरुषाचे आडनाव 'फ्रिद्माना' असे बदलते, 'फ्रिद्मानसह' म्हणताना 'फ्रिद्मानेम' होते, आणि स्त्रीचे आडनाव आज तसेच राहते. शंभर वर्षांपूर्वी मात्र विवाहित स्त्री 'फ्रिद्मानोवा' आणि अविवाहित मुलगी 'फ्रिद्मानुव्ना' लिहिली जाई. ही तीन-चार वेगळी आडनावे समजून वेगवेगळ्या याद्या करणारे हौशी संशोधक मी पाहिले आहेत.

प्रतिसाद 2 : जुनी_दप्तरे

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

पोलंडमधील बहुसंख्य यहुद्यांना अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कायमचे आडनाव नव्हते. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गरज पडल्यास गावाचे किंवा धंद्याचे नाव एवढ्यावर व्यवहार भागत असे. पोलंडची वाटणी झाल्यावर कर आणि सैन्यभरती यांसाठी नव्या राज्यकर्त्यांना स्थिर आडनावे हवी झाली. हाब्सबर्ग राज्यात, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेल्या गालिसिया या पोलिश प्रदेशातही, जोसेफ दुसरा याने 1787 मध्ये तसा हुकूम काढला. प्रशियाने आपल्या वाट्याच्या भागासाठी 1797 मध्ये काढला. वॉर्सा शहर 1795 ते 1806 प्रशियाच्या ताब्यात होते, हे येथे ध्यानात ठेवावे. हुकमाची अंमलबजावणी अर्धवटच झाली, आणि पुढे रशियाच्या छत्राखालील पोलंडच्या राज्यात 1821 मध्ये पुन्हा आडनाव घेण्याची सक्ती झाली. वॉर्सा प्रशियाच्या ताब्यात असताना तेथे अधिकारी असलेला जर्मन लेखक होफमान लहर लागेल तशी आडनावे वाटत असे, अशी आख्यायिका आहे. ती रंजक असली तरी तिच्यावर फार भार टाकू नये.

महत्त्वाचा मुद्दा असा की, 'शांतता' किंवा 'सोने' अशा अर्थाची आडनावे शेकडो गावांत, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या कुटुंबांनी एकाच पिढीत घेतली. अलेक्झांडर बायडर यांनी पोलंडच्या राज्यातील यहुदी आडनावांचा जो कोश 1996 मध्ये प्रसिद्ध केला, त्याची मांडणीच मुळी कोणते आडनाव कोणकोणत्या जिल्ह्यांत आढळत होते या पायावर आहे. तेव्हा 'फ्रिडमन घराणे' असे एकवचनात बोलताच येत नाही, आणि कुलचिन्हाचा प्रश्न तेथेच संपतो. पोलिश सरदारांचे कुलचिन्ह त्या सरदारकुळाचे असे. हुकमामुळे आडनाव घेतलेल्या शिंप्याच्या वा दुकानदाराच्या घरी ढाल आणि सिंह कोठून येणार?

वर्तणीचा दुसरा अंक नोंदवह्यांमध्ये घडला. 1808 पासून वॉर्साच्या डचीत, म्हणजे नेपोलियनने उभारलेल्या पोलिश राज्यात, नेपोलियनच्या कायद्यानुसार जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी पोलिश भाषेत ठेवल्या जाऊ लागल्या, 1826 पासून यहुद्यांच्या वह्या वेगळ्या झाल्या आणि 1868 पासून सर्व नोंदी रशियन भाषेत व सिरिलिक लिपीत करण्याची सक्ती झाली. मी एका कुटुंबाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आजोबा पोलिशमध्ये 'वाय'ने, नातू सिरिलिकमध्ये 'इ'ने आणि तोच नातू दोन महायुद्धांमधल्या स्वतंत्र पोलंडच्या कागदावर पुन्हा 'वाय'ने लिहिलेला होता. घरचे त्याला काय हाक मारत, याचा त्यात कोठेच पत्ता नाही.

आता विरळपणाविषयी. 1939 मध्ये पोलंडमध्ये सुमारे 33 लाख यहुदी होते आणि वॉर्साच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण तीस टक्के होता. अशा शहरात हे आडनाव कोणालाही नवलाचे वाटले नसते. त्यांपैकी सुमारे 30 लाख नाझींनी मारले. जे वाचले त्यांतले बरेचसे 1946 च्या किएल्त्से येथील हत्याकांडानंतर, पुढे 1956 च्या सुमारास आणि शेवटी 1968 च्या यहुदीविरोधी मोहिमेनंतर देशाबाहेर गेले. जे राहिले त्यांतील अनेकांनी, लपून राहताना ज्या खोट्या कागदपत्रांनी जीव वाचवला होता, त्यांवरचे पोलिश आडनावच पुढे चालवले. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना पुस्तकात आडनाव दिसते आणि माणूस दिसत नाही, त्याचे कारण हे आहे. जी आडनावे मुळातच एका खेड्यातल्या एका कुळाची असतात, त्यांच्या विरळपणासारखा हा विरळपणा नव्हे.

औंधचे_टिपण

दोघांचेही मनापासून आभार. 'फ्राय'वर मारलेल्या काटेचा खुलासा मला पटला. गावाचा प्रश्न मात्र अजून उभा आहे, आणि आजची संख्या अधिकृतपणे कोठे पाहता येते, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद 3 : वाट_वाकडी

फ्रिडमन गाव मी पाहिले आहे. स्पिश नावाच्या डोंगराळ प्रदेशात, चोर्श्तिन धरणाच्या जलाशयाकाठी ते वसले आहे. तेथील संत स्तानिस्लाव्हच्या जुन्या चर्चचा मनोरा गावात शिरण्याआधीच नजरेस पडतो. जवळपास कोठे यहुदी आडनावांचा मागमूस असेल या समजुतीने मी गेलो होतो, पण गाव पाहिल्यावर आणि त्याचा इतिहास वाचल्यावर ती समजूत सोडून दिली. हा प्रदेश शतकानुशतके हंगेरीच्या राज्यात होता आणि 1920 मध्ये पोलंडला मिळाला. मध्ययुगात येथे जर्मन वसाहतकारही येऊन राहिले होते. गावाचे नाव आणि आडनाव हे दोन्ही त्याच जुन्या जर्मन व्यक्तिनावापर्यंत जात असतील, पण म्हणून आडनाव गावातून निघाले असे होत नाही. दोघे चुलत म्हणता येतील, बापलेक नव्हेत.

आपल्या '-कर'चे काम पोलिशमध्ये साधारणपणे '-स्की' करतो. गांधीजींनी जिला उमादेवी म्हटले आणि जिने मॉरिस फ्रिडमन यांच्यासह मद्रासहून पोलिश-भारतीय ग्रंथमाला चालवली, त्या वांदा दिनोव्स्का यांचे आडनाव रूपाने पाहिल्यास 'दिनूव' या गावनावाला हा प्रत्यय लागून झालेले दिसते; 'स्का' हे त्याचे स्त्रीरूप. या न्यायाने फ्रिडमन गावचा माणूस 'फ्रिद्मान्स्की' व्हायला हवा. यहुद्यांमध्ये प्रत्यय न लावता नुसते गावाचे नाव आडनाव म्हणून घेतल्याची उदाहरणेही आहेत, उदाहरणार्थ 'लुब्लिन', त्यामुळे केवळ व्याकरणावरून निकाल देऊ नये. पण वॉर्सा, वुज आणि भोवतालच्या सपाट मुलुखात जे आडनाव सर्रास होते, त्याचे मूळ हंगेरीच्या सीमेवरच्या एका खेड्यात शोधणे मला तरी ओढूनताणून वाटते.

आजच्या संख्येसाठी दोन मार्ग आहेत. काझिमिएश रिमुत यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी पोलंडच्या 'पेसेल' या लोकसंख्या नोंदणीवरून आडनावांचा दहा खंडांचा कोश काढला. त्यात प्रत्येक आडनावापुढे धारकांची संख्या आणि तेव्हाच्या प्रांतांनुसार विभागणी आहे. दुसरा मार्ग म्हणजे पोलंड सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होणाऱ्या आडनावांच्या याद्या. त्यांत पुरुष आणि स्त्रिया यांच्या याद्या वेगळ्या असतात, म्हणून 'फ्रिडमन'सारख्या न बदलणाऱ्या आडनावासाठी दोन्ही आकडे मिळवून बेरीज करावी लागते. 'आय', 'आय-ई' आणि दोन 'एन' असलेली रूपेही स्वतंत्रपणे मोजलेली असतात, तीही पाहावीत. तुलनेसाठी सांगतो, यादीच्या अग्रभागी असलेले 'नोवाक', म्हणजे शब्दशः 'नवखा', सुमारे दोन लाख लोकांचे आडनाव आहे.

पोलंडबाहेर मात्र 'वाय'वाली वर्तणी अजून भेटते, आणि जेथे भेटते तेथे ती बहुधा पोलिश पारपत्राबरोबर गेलेली असते. बुद्धिबळाच्या इतिहासात युद्धापूर्वी दोन फ्रिडमन होते : वॉर्साचे पाउलिन आणि वुजचे आखिलेस. पहिले 1939 च्या ब्वेनोस आयरेस ऑलिंपियाडला पोलंडकडून खेळायला गेले, युद्ध सुरू झाल्याने तेथेच राहिले आणि रेक्स नावाच्या कॅफेतील बुद्धिबळाचे दालन चालवू लागले. निर्वासित पोलिश लेखक गोंब्रोविच तेथे नियमित खेळायला येत. दुसरे पोलंडमध्येच राहिले आणि नाझींच्या हातून मारले गेले. फ्रान्समध्ये 1982 साली जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या मागचे एक डॉक्टर रने फ्रिडमन यांचे आडनावही याच वर्तणीचे आहे.

औंधचे_टिपण

उत्तम माहिती. एक शेवटची विचारणा : मॉरिस फ्रिडमन यांच्या जन्माची मूळ नोंद पाहायची झाल्यास कोठे अर्ज करावा? निरनिराळ्या ठिकाणी त्यांचे जन्मवर्ष निरनिराळे दिलेले आढळते.

प्रतिसाद 4 : जुनी_दप्तरे

पोलंडमध्ये जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनंतर आणि विवाह व मृत्यूच्या नोंदी ऐंशी वर्षांनंतर नागरी नोंदणी कार्यालयाकडून सरकारी अभिलेखागाराकडे जातात, म्हणून तुम्हाला वॉर्साच्या सरकारी अभिलेखागाराकडे विचारणा करावी लागेल. आधी 'ज्यूइश रेकॉर्ड्स इंडेक्सिंग – पोलंड' या 1995 पासून चालणाऱ्या सूचीत शोध घ्या. तेथे वर्तणी सैल ठेवून शोधण्याची सोय आहे. मात्र 1944 च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सातील अभिलेखागारे जाळली आणि त्यांत यहुद्यांच्या नोंदवह्याही मोठ्या प्रमाणावर गेल्या, हे गृहीत धरून चाला. नोंद सापडलीच तर ती रशियन भाषेत असेल, आणि तारखा दोन असतील, एक जुन्या ज्यूलियन पंचांगाची आणि दुसरी आपल्या नेहमीच्या. या दोहोंत बारा-तेरा दिवसांचे अंतर असते.

जाता जाता, वही छापायची असेल तर तीनही वर्तणी जशाच्या तशा ठेवा आणि काट मारलेली जागाही दाखवा.