ज्यूरी लवकर उठली म्हणून काय झालं?

काही जण म्हणतात की ज्यूरी (खटला ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक) चर्चा आटपून झटपट बाहेर आली तर आरोपी दोषी ठरलाच समजा. मला नाही पटत. अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरचा खुनाचा खटला आठ महिन्यांहून जास्त चालला आणि १९९५ मध्ये ज्यूरीने ४ तासांच्या आत निकाल दिला, तोही निर्दोष! मधेच त्यांनी त्या रात्री सिम्पसनला न्यायला आलेल्या लिमोझिनच्या ड्रायव्हरची साक्ष पुन्हा वाचून घेतली होती. ती सरकारी पक्षाच्या फायद्याची, त्यामुळे 'संपला हा' असंच बऱ्याच जणांना वाटलं. उलट २०२१ मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूच्या खटल्यात पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिन साधारण १० तासांत तिन्ही आरोपांत दोषी.

वेळ खरा जातो तो एकमत करण्यात. अमेरिकेत फौजदारी निकालाला ते लागतंच, एक जण अडला की दिवस जातात. आमच्या गिरगावातल्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर सभा पावणेतीन तास चालली. सतरा जण तयार, अडून बसले एकटे तळमजल्यावरचे काका. (गच्ची गळली तरी त्यांना काय!)

आपल्याकडे ज्यूरी होती तेव्हा बहुमत चालायचं. १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या सेशन्स कोर्टात ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' कौल आला. न्यायाधीशांनीच तो मानला नाही, प्रकरण हायकोर्टात पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली.