सड्याखालच्या वाडीची विहीर मार्चमध्येच आटते, आणखी खोल खणावी का?

कातळसडा: आमची वाडी राजापूर तालुक्यात. वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट कातळ पठार, मध्ये वाडी, खाली खाडी. पाऊस ३००० मिमीच्या आसपास, तरी मार्चअखेर विहिरीचा तळ दिसतो. पाच-सहा फूट खोल घेतली तर?

पाणवठा: आधी थर बघा. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून झरझर उतरतं. त्याच्या बुडाशी पांढरट-गुलाबी चिकणमाती असते, तिच्यावर पाणी अडतं आणि उताराला झरे फुटतात. विहीर त्या मातीत पोचली असेल तर खोल जाऊन पाणी वाढणार नाही, उलट कडा ढासळतील. पाणी झिरपतं ते जांभा आणि मातीच्या सांध्यातून, तिथे आडवं रुंद करा.

खाडीकाठ: तळ समुद्रसपाटीखाली गेला तर पाणी मचूळ होईल. पंप सलग नको, थांबून थांबून चालवा. मे महिन्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चव घेऊन बघा.

बांधबंदिस्ती: खरा उपाय विहिरीच्या वरच्या अंगाला, वहाळात (ओढ्यात) पाणी अडवून जिरवण्याचा. दिवाळीनंतर धार बारीक झाली की वनराई बंधारा घाला. सिमेंटची रिकामी पोती मातीने पाऊणच भरा. गच्च भरलेली नीट बसत नाहीत, फटी राहतात. निव्वळ वाळू भरलीत तर गळणारच. तोंडं शिवा, विटांसारखे सांधे मोडत रचा, पाया माथ्यापेक्षा रुंद ठेवा. मात्र त्याआधी पात्रातली वाळू-गोटे उपसून कातळ उघडा करायलाच हवा. हे टाळलं की पाणी बंधाऱ्याखालून निसटतं आणि सगळे श्रमदान वाया जाते.

कातळसडा: वहाळ विहिरीपासून वरच आहे. कातळ लागतो का, ते आधी खणून बघतो.