एडवर्डियन कंट्री हाऊस: तीन महिने नोकर होऊन नोकरी कळते का?

निवांत_नाना
वीकेंडला ब्रिटनच्या चॅनल फोरची २००२ ची 'द एडवर्डियन कंट्री हाऊस' ही रिअ‍ॅलिटी मालिका परत बघून काढली. माहीत नसेल त्यांच्यासाठी, स्कॉटलंडच्या मँडरस्टन हवेलीत आजची माणसं तीन महिने १९०५ ते १९१४ च्या काळातल्यासारखी राहतात, एक फॅमिली वर मालक आणि बाकी सगळे खाली नोकर. माझं मत विचाराल तर हा गरिबीचा फॅन्सी ड्रेस आहे. भांडी घासायला आलेली पहिली मुलगी थोड्याच दिवसांत बॅग उचलून घरी गेली. खऱ्या काळात मालकिणीने चांगल्या वागणुकीची चिठ्ठी दिली नाही तर पुढची नोकरीच मिळायची नाही, मग कुठली जातेय. पळायची सोय असली की संपलं, ती पिकनिक.

कटिंगचहा
नाना सॉरी पण पटलं नाही. अहो ती पळाली हाच तर पुरावा! हात सोलवटले की ते खरेच सोलवटतात, त्यात कसली आलीय अ‍ॅक्टिंग. आमची आजी तांब्याचा हंडा चिंचेने घासायची, तो एक हंडा, तिथे मीठ व्हिनेगर वाळू लावून भांड्यांची रांगच्या रांग आणि वर आंघोळ आठवड्यातून एकदा. इंग्लंडमध्ये तेव्हा दहा लाखांहून जास्त बायका घरकामाला होत्या हे आपण पुस्तकात वाचतो आणि पान उलटतो, इथे निदान एकीचा चेहरा तरी दिसतो.

निवांत_नाना
चेहरा दिसतो, भीती दिसत नाही. म्हातारपणाची, आजारपणाची, दिवस गेले तर हाकलून देतील याची. ती कॅमेऱ्यात कशी आणणार?

सासुरवाशीण_लंडन
तुम्ही दोघं खालच्या मजल्यावरच अडकलात. मला विचाराल तर खरी गंमत वर आहे. मालक झालेला गृहस्थ एरवी आजच्या जगातला साधा बिझनेसमन, आणि शेवटी शेवटी त्याला मनापासून वाटायला लागतं की आपले नोकर सुखात आहेत! खाली त्याच वेळी शिव्याशाप चाललेत. तीन महिन्यांत माणूस एवढा बदलतो, तर पिढ्यानपिढ्या वर बसलेल्यांचं काय होत असेल. नाना, भीती नसेल दिसत पण हा माज कसा चढतो ते दिसतं की.
आणि एक, त्या हवेलीतल्या जिन्याच्या कठड्याला चांदीचा मुलामा आहे. पैसा मूळचा रशियाशी केलेल्या हेम्प (दोरखंडाचा वाख) आणि हेरिंग माशाच्या व्यापारातला. १९०५ च्या सुमारास ती नव्याने बांधून झाली तेव्हाची मालकीण कोण, तर आपल्या लॉर्ड कर्झनची सख्खी बहीण. बंगालची फाळणी करणाऱ्या साहेबाच्या बहिणीचा जिना पुसताना गोऱ्या पोरी रडतायत, मला तर नीट वाईटही वाटेना. शोमध्ये मालकाच्या मुलाचा ट्यूटर भारतीय वंशाचा घेतलाय, तो ना धड वरचा ना धड खालचा.

कटिंगचहा
कर्झनचं माहीत नव्हतं!! आता परत बघावी लागणार.

हडपसरचा_बंड्या
आपल्याकडे वाड्यावर असा शो काढा ना मग. पहिल्याच दिवशी आडावर कोण पाणी भरणार आणि सोप्याच्या आत कुणी यायचं नाही यावरून जात निघेल, चॅनलवाले तिसऱ्या दिवशी गुंडाळतील.

निवांत_नाना
बंड्या, वाडा कशाला. आमच्या सोसायटीत कामवाल्या मावशींना लिफ्ट वेगळी आहे. मीही मीटिंगला होतो, हात वर केला नव्हता पण विरोधही नाही केला.

सासुरवाशीण_लंडन
नाना, आणि मावशींचा चहाचा कप?

निवांत_नाना
...वेगळा आहे. बायकोशी बोलतो आज.