मदत हवी आहे: पद्मिनी गरम झाली की सुरू होत नाही

प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर. थंड असताना अर्ध्या सेल्फला सुरू. पण घाट चढून दहा मिनिटं बंद ठेवली की नुसता सेल्फ फिरतो.

तपासलेलं: पॉइंट गॅप ०.४५ मिमी, प्लग गॅप ०.६, कंडेन्सर नवा, गरम असतानाही स्पार्क निळा. म्हणजे दोष इग्निशनचा (ठिणगीचा) नाही. एअर क्लीनर काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची धार येत नाही. फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवलं की धार येते आणि गाडी लागते. वेपर लॉकच, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ते ओढता येत नाही. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलची वाफ लवकर होते, जुनं रबरही त्यात फुगतं.

प्रश्न दोन. पंप आणि इंजिन ब्लॉकमधला इन्सुलेटर (उष्णता अडवणारा तुकडा) जाड केला तर पंपाचा स्ट्रोक (दांड्याची हालचाल) कमी होतो. मग मूळ जाडी किती? आणि इथेनॉल सोसणारा डायफ्राम (पंपातला रबरी पडदा) किट मुंबई-पुण्यात कुठे मिळेल?

इलेक्ट्रिक पंप लावा, हे कृपया सांगू नका. लहानपणी मागच्या सीटवरून स्टिअरिंगवरचा गिअर बघतच या गाडीचं वेड लागतं, तेव्हा बॉनेटखालीही जुनंच हवं.